जिलेबीची माती

डाळमिलच्या आवारात एवढी गर्दी लोटली होती की निम्म्या बाया टँकर आला असं समजून घागरी घेऊनच आल्या. आत शिरल्यावर कळलं, पाणी नाही, महाराज आलेत. तरी एकही बाई माघारी फिरली नाही. टँकर काय, आज ना उद्या येतोच. महाराज थोडेच रोज येतात?

त्या साली निलंगा तालुका उस्मानाबादेतून निघून लातूर या नव्या जिल्ह्यात आला होता. जिल्हा नवा, साहेब नवे, हापिसांवरच्या पाट्या नव्या. दुष्काळ तेवढा जुनाच पुढे चालू राहिला. हणमंतरावांची डाळमिल तुरीअभावी बंद पडली होती. रिकाम्या आवाराचं करायचं काय, हा प्रश्न होताच. शिवाय नव्या जिल्ह्यात आपल्यालाही एखादी खुर्ची मिळावी असं त्यांना मनापासून वाटत होतं. खुर्चीसाठी माणसं जमवावी लागतात. माणसं जमवायला त्यांनी थेट इस्लापूरच्या जंगलातून महाराज आणले.

"मधुहारी महाराज!" हणमंतराव माईकवर ओरडले. "सहस्रकुंडाच्या धबधब्यामागं बारा वर्षं तप करून आलेत! साखरेचा आजार एका पानात खलास! माझा सोताचा झालाय! गोळ्या बंद, पथ्य बंद, रोज पावशेर पेढा चालू!"

महाराज गुबगुबीत होते. धबधब्यामागे बारा वर्षं काय खात होते कोण जाणे, पण ते अंगी लागलेलं दिसत होतं.

"भक्तहो, साखर कुठं असती?" त्यांनी विचारलं. "डब्यात? न्हाई. उसात? न्हाई. साखर असती पापात! मागल्या जन्मी ज्यानं मुंग्यांच्या वारुळातली साखर चोरली, त्याला ह्या जन्मी साखरेचा आजार! डाक्टर काय करतो? सुई टोचतो. सुईनं पाप निघतंय का? सुईनं गोधडी शिवावी!"

लोक खदखदून हसले. शिवकन्याही हसली.

शिवकन्या सतरा वर्षांची होती. बसस्टँडसमोर जिलेबीचं दुकान असलेल्या रेवणसिद्ध हलवायाची ही एकुलती एक मुलगी. तेराव्या वर्षी ती वाळत गेली, रात्रंदिवस पाणी पीत सुटली आणि एके दिवशी शाळेत कोसळली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. जिलेबीवाल्याच्या घरात साखरेचा आजार, आणि त्यात तिच्या आईचं नाव साखराबाई. गावाला यात भलतीच गंमत वाटायची. घरात गंमत कमी होती. औषधाची बाटली लातूरहून आणावी लागे आणि ती फार महाग होती. ती गार राहावी म्हणून साखराबाई तिला ओल्या फडक्यात गुंडाळून छोट्या मडक्यात ठेवायची. प्यायला पाणी नसलं तरी त्या फडक्याला असायचं. दुष्काळात लग्नं थांबली, दूध आटलं, कढई कधीतरीच चुलीवर चढू लागली. मग रेवणसिद्धप्पा सुईत औषध भरताना मुलीकडे न बघता विचारायचे, "आज उलसं कमी घेतलं तर चालंल का गं?"

तो प्रश्न शिवकन्येला सुईपेक्षा जास्त टोचायचा. म्हणून आज ती अप्पांबरोबर आली होती. सकाळची सुई न घेता आली होती, कारण महाराजांची तशी अट होती. कंबरेला नवी कोरी बाटली खोचलेली होती. तीही अटच होती.

स्टेजवर चमत्कार सुरू झाला. महाराजांनी एकेका रोग्याला आधी चिमूटभर साखर दिली.

"काय लागलं?"

"गोड."

"हीच तुझ्या रक्तात भरलीया! आता हे पान चाव. गिळू नको. जिभेवर घोळव. मनात धबधबा आण."

माणूस पान चावायचा. कडवट तोंड करायचा. मग महाराज पुन्हा साखर द्यायचे आणि त्या माणसाचे डोळे मोठे व्हायचे.

"आता काय लागलं?"

"माती! देवाशपथ, माती!"

"साखर कुठं गेली?"

"मेली!" सगळं आवार ओरडायचं.

शिवकन्येची पाळी आली. तिने पान चावलं, घोळवलं, धबधबा काही मनात आला नाही, पण साखर जिभेवर ठेवली आणि ती दचकली. खरंच माती! वाळूचे खडे दाताखाली यावेत तसं. गोडाचा मागमूस नाही. तिला रडूच आलं. ही साखर मेली असेल तर सुई गेली, मडकं गेलं, अप्पांचा तो प्रश्न गेला.

"सुईचं विसर्जन!" महाराज गरजले. स्टेजच्या कडेला, भर उन्हात, एक पितळी घंगाळ होतं. त्यात लोकांनी गोळ्या टाकल्या होत्या, बाटल्या टाकल्या होत्या. अप्पांनी मुलीच्या कंबरेची बाटली काढली, कपाळाला लावली आणि घंगाळात ठेवली. महाराजांनी तिच्या हाती प्रसादाच्या पानांची पुडी दिली, अप्पांकडून दक्षिणा घेतली आणि वर जिलेबीचं एक कडं दिलं. अप्पांच्याच दुकानातलं.

"खा पोरी! पायजे तेवढी खा! तुला आता साखर बाधत न्हाई!"

चार वर्षांत शिवकन्येने जिलेबीचा वास घेतला होता, तुपात पडतानाचा आवाज ऐकला होता, कागदात बांधून शेकडो गिऱ्हाइकांच्या हातात दिली होती. खाल्ली नव्हती. तिने तोंड उघडलं आणि अर्धं कडं आत घातलं.

आंबूस लागलं. तुपकट लागलं. बाकी माती.

"कसं लागतंय?" अप्पांनी अधीर होऊन विचारलं.

"अप्पा, काहीच लागंना," ती म्हणाली. तिने उरलेलं कडंही खाल्लं, मग दुसरं मागून खाल्लं. कुठल्यातरी वेटोळ्यात गोडी लपली असेल म्हणून शोधत राहिली. ती सापडली नाही. चार वर्षांनी जिलेबी मिळाली आणि तीही बिनगोडाची, याचा तिला विलक्षण राग आला. महाराजांवर नव्हे, अजून तरी नव्हे, जिलेबीवर.

दुपारच्या महाप्रसादाचा शिरा करायचं काम अप्पांकडे होतं. त्यांनीही श्रद्धेने पान चावलं होतं. रवा भाजला, पाणी घातलं, साखर घातली, चव घेतली. फिक्का! आणखी ओंजळभर साखर. चव. फिक्काच! अप्पा घाबरले. तीस वर्षांचा हलवाई, आणि शिरा गोड होईना. त्यांनी उरलेलं अख्खं पोतं कढईत रिकामं केलं. गर्दीतले पान चावलेले लोक खात होते आणि "माती, माती, जय हो!" म्हणत होते, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही.

तेवढ्यात लातूरची एसटी घेऊन आलेला श्रीमंत नावाचा कंडक्टर भुकेने कासावीस होऊन आत शिरला. त्याने महाराज पाहिले नाहीत, पान पाहिलं नाही, सरळ शिऱ्याचा मोठा घास तोंडात टाकला. पुढच्या क्षणी तो हवेत हात हलवू लागला.

"पाणी! पाणी द्या की हो! रेवणसिद्धप्पा, शिऱ्यात साखर घातलीत का साखरेत शिरा घातलात? दात हलले माझे!"

"साखर कुठं हाय? माती हाय माती," अप्पा म्हणाले.

"माती? मग माझ्या व्हटाला काय चिकटलंय?"

सगळे हसले. महाराज घाईने म्हणाले, "त्याच्या पापाची साखर हाय ती!" आणि भजन सुरू केलं. शिवकन्या मात्र हसायची थांबली. कढई एकच. शिरा एकच. अप्पांना माती आणि कंडक्टरला साखरेचा डोंगर. मेली असेल तर सगळ्यांसाठीच मेली पाहिजे ना?

ती पुडी घेऊन घरी गेली. साखराबाई घरीच होती. महाराजांच्या दर्शनाला जायचं तर टँकरची पाळी चुकली असती, आणि तिचा हिशेब पक्का होता. शिवकन्येने एक पान स्वतः चावलं, एकाच वाटीतली साखर आधी आपण खाल्ली, मग आईला दिली.

"कसं हाय अव्वा?"

"गोड हाय की. साखर दुसरी कशी असंल?"

"मला माती लागलालीय. आता तू पान चाव."

साखराबाईने तोंड वाकडं करत पान चावलं, वर साखर टाकली आणि थू थू करत उठली. "अगं, हे काय गं? दुकानदारानं रेती मिसळली का काय!"

"अव्वा, तुला साखरेचा आजार हाय का?"

"माझं नुसतं नाव साखराबाई हाय. आजार तुझ्या आत्याला असंल."

"मग तुझ्यातलं काय मेलं?"

 साखराबाई भाकरी थापायला बसली, आणि थोड्या भाकऱ्या होतात न होतात तोच पुन्हा वाटीत बोट घालून म्हणाली, "आगं, परत गोड लागलालं की!"

शिवकन्येने चाखलं. तिलाही. मेलेली साखर जिवंत झाली होती. म्हणजे ती मेलीच नव्हती. तेवढा वेळ फक्त जीभ बहिरी झाली होती.

हा शोध लागल्याचा आनंद तिला फार वेळ घेता आला नाही. घसा कोरडा पडत होता. ती पाणी पीत होती, पुन्हा पीत होती, आणि दुष्काळातलं घरचं पाणी संपवत होती. सकाळ उजाडली तेव्हा तिला उलट्या सुटल्या, श्वास धापांचा झाला. अप्पा अजूनही म्हणत होते, "महाराज म्हणालते, पाप निघून जाताना तरास होतोय." साखराबाईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठले, आणि मुलीला पाठीवर घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यापर्यंत पळाले.

डॉक्टर सुमनबाई सूर्यवंशी त्याच तालुक्यातल्या. वडील रोजंदारीवर, आणि घरात बुद्धाच्या तसबिरीखाली शिकलेली ही लेक. त्यांनी शिवकन्येचा श्वास हुंगला, त्याला सडक्या फळांसारखा वास येत होता, आणि लगेच सलाईन लावलं. आपल्याजवळच्या बाटलीतून इन्सुलिन दिलं. दुपार कलल्यावर शिवकन्येने डोळे नीट उघडले, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"उद्यावर नेलं असतंत तर हातची गेली असती पोरगी. कुणी बंद करायला सांगितलं?"

अप्पा खाली मान घालून उभे होते. "मला वाटलं बाई, पोरीला आता टोचावं लागणार न्हाई," एवढंच म्हणाले, आणि तो जाडजूड माणूस भिंतीकडे तोंड करून रडला.

सुमनबाईंचा राग तिथेच विरला. त्या त्यांना ओरडल्या नाहीत. शिवकन्येने कंबरेला खोचलेली पानांची पुडी काढून दाखवली आणि कंडक्टरपासून वाटीपर्यंत सगळं सांगितलं. बाईंनी पान उजेडात धरलं.

"हिला गुडमार म्हणतात. गुळाला मारणारी. पण मारत बिरत काही नाही. जिभेवर गोड ओळखणाऱ्या ज्या जागा असतात ना, त्यांना हिचा रस झाकून टाकतो. कडू, आंबट, खारट सगळं कळतं, गोड तेवढं कळत नाही. रस धुऊन गेला की परत कळतं. तू हे स्वतः शोधलंस?"

"मी न्हाई, शिऱ्यानं," शिवकन्या म्हणाली. "पण हे पान औषध हाय का न्हाई?"

"अभ्यास करणारे करतील, ठरवतील. पण तुझ्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. जे बनत नाही ते बाहेरून द्यावंच लागतं. जीभ झाकून ते कसं बनेल?"

शिवकन्या उठून बसली. "बाई, मला तिथं जायचंय. घंगाळात अजून लोक बाटल्या टाकलालेत."

बाईंनी एक दिवस तिला हलू दिलं नाही. त्यानंतर मात्र त्या स्वतःच बॅग घेऊन निघाल्या.

डाळमिलमध्ये गर्दी वाढलेली होती. उदगीरकडून माणसं आली होती, बिदरकडून आली होती. महाराज प्रवचनात मुंग्यांच्या वारुळापर्यंत पोचले होते, तेवढ्यात शिवकन्या जिलेबीची परात घेऊन स्टेजवर चढली. मागून अप्पा.

"महाराज, मी परवाची पोरगी. तुमच्या पानानं बरी झालेली," ती म्हणाली. महाराज खूश झाले आणि त्यांनी माईक तिच्या हाती दिला. तेवढीच त्यांची चूक झाली.

"हणमंतकाका, तुम्ही पान खाल्लंय का आज?"

"सकाळधरनं तिसरं!"

तिने एक कडं मोडलं. अर्धं हणमंतरावांना दिलं, अर्धं खाली उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बिदरवाल्याला, जो नुकताच आला होता.

"काका, कसं लागतंय?"

"माती! जय हो!"

"आजोबा, तुम्हाला?"

"गोड हाय की गं! लई चंद, लई झ्याक हाय!" म्हातारा मिश्या पुसत म्हणाला.

"एकच जिलेबी हाय. मेली का जित्ती हाय?"

गर्दीत कुजबूज झाली. शिवकन्येने पान हातात धरलं. "आता ज्याला कसलाच आजार न्हाई असा गडी वर या." एक पैलवान आला, त्याने पान चावलं, जिलेबी खाल्ली आणि तो ओरडला, "आयला! माती!"

"ह्यांचं कोणतं दुखणं गेलं, महाराज?"

"पुढच्या जन्मीचं!" महाराज चपळाईने म्हणाले. लोक हसले. पण यावेळचं हसणं वेगळ्या बाजूने आलं होतं, आणि महाराजांनाही ते कळलं. त्यांनी आवाज चढवला. "ही पोर अश्रद्ध हाय! जिला श्रद्धा न्हाई तिला गुण न्हाई!"

तेव्हा अप्पा पुढे आले. त्यांना भाषण येत नव्हतं. "माझी होती की श्रद्धा," ते म्हणाले. "माझ्या हातानं बाटली ठिवली घंगाळात. पोरगी मरता मरता वाचली माझी."  आवार एकदम शांत झालं.

हणमंतरावांना ती शांतता सोसेना. खुर्ची हातातून निसटताना दिसत होती. "माझ्याकडं बघा की! मी ठणठणीत हाय! कुनीबी तपासा!"

"तपासू?" खालून सुमनबाईंनी विचारलं.

"आत्ताच्या आत्ता! सगळ्यांम्होरं!"

हणमंतराव मिलच्या मागे जाऊन बाटलीत नमुना घेऊन ताठ मानेने आले. बाईंनी काचेच्या नळीत निळं औषध ओतलं, त्यात नमुन्याचे थोडे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. "निळं राहिलं तर लघवीत साखर नाही. लाल झालं तर भरपूर," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर चढली. नळीतलं पाणी उकळलं. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं. हणमंतराव म्हणाले, "बास, बास, इथंच थांबवा." थांबलं नाही. नारिंगी झालं, आणि शेवटी विटेसारखं लालभडक होऊन नळीच्या तळाशी बसलं.

"हणमंतराव," बाई शांतपणे म्हणाल्या, "पेढे आजपासून बंद, गोळ्या आजपासून सुरू. पायाला मुंग्या येतात का?"

"येत्यात," हणमंतराव लहान आवाजात म्हणाले.

"त्या वारुळातल्या नाहीत. साखरेच्या आहेत."

यावर जो हशा उठला त्यात महाराज मिलच्या मागच्या दाराने निघाले. पण बाहेर श्रीमंत कंडक्टरची गाडी उभी होती आणि गाडीत जमादार. रोग बरा करण्याच्या असल्या जादूच्या दाव्यांविरुद्ध कायदा आहे, आणि बाई येतानाच चौकीवर तक्रार देऊन आल्या होत्या. जमादारांनी महाराजांना शेजारी बसवून घेतलं.

लोक घंगाळाकडे धावले. आपापल्या बाटल्या शोधू लागले. बाईंनी हात आडवा धरला. "उन्हात तापलेलं इन्सुलिन आहे हे. आता याचा भरवसा नाही. टोचू नका." एक बाई आपली बाटली छातीशी धरून खालीच बसली. तिच्या घरची ती एकुलती बाटली होती. हसण्याखिदळण्यावर अचानक पाणी पडलं. त्या दिवशीचा खरा तोटा त्या घंगाळात होता.

"बाई, आमी येडे ठरलो," कुणीतरी म्हणालं.

"वेडे कशाला? पान स्वस्त होतं, बाटली महाग आहे. बाटली परवडली असती तर यातले निम्मे इथं आलेच नसते," सुमनबाई म्हणाल्या. "पण महाग आहे म्हणून खोटं खरं होत नाही."

शिवकन्येच्या हातात माईक अजून होता. "मग आपण एवढे जमलोच हाव तर लातूरला जाऊ की. नवा जिल्हा हाय म्हणत्यात. नव्या साहेबाला सांगू, तालुक्याच्या दवाखान्यात ही बाटली ठिवा, बर्फाच्या पेटीसकट."

आणि खरंच गेले. श्रीमंतने जादा गाडी काढून घेतली. कलेक्टर साहेबांना इतक्या लोकांची लघवीतल्या साखरेवरची एकमुखी तक्रार ऐकायची सवय नव्हती, पण त्यांनी ती ऐकली. एका जाण्यात झालं नाही, खेपा घालाव्या लागल्या. हणमंतरावही प्रत्येक खेपेला पुढे होते, आता खुर्चीसाठी की पायांच्या मुंग्यांसाठी, ते त्यांनाच ठाऊक. पावसाळा तोंडावर आला तेव्हा निलंग्याच्या दवाखान्यात गरजूंसाठी इन्सुलिनच्या थोड्या बाटल्या येऊ लागल्या. सगळ्यांना पुरत नव्हत्या. भांडण चालू ठेवावं लागलं, आणि शिवकन्येने ते चालू ठेवलं.

वाचकहो, एवढंच सांगायचं आहे. आजार आपल्याला काय वाटतं ते विचारून येत नाही आणि टाळ्या ऐकून जात नाही. कुणी चमत्कार दाखवला तर पाया पडण्याआधी तोच चमत्कार निरोग्यावर करून पाहा, थोडा वेळ थांबून पुन्हा पाहा, आणि तपासाला नळी लावा. चालू औषध कुणाच्याही सांगण्यावरून फेकू नका, डॉक्टरला विचारा. आणि औषध परवडत नसेल तर त्यात लाज तुमची नाही. अशा वेळी एकट्याने जंगलातल्या पानाकडे जाऊ नका. चारचौघांना घेऊन, ज्यांच्या हाती ते स्वस्त करणं आहे त्यांच्या दारात जा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.